पहारेकऱ्याचा परवाना

माझे वडील सरकारी कोषागारात कारकून होते. कोणत्या जिल्ह्याच्या कोषागारात, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिजोरीच्या खोलीला दोन कुलपे, दोन कुलपांच्या किल्ल्या दोन भिन्न अंमलदारांच्या हाती आणि दारावर अहोरात्र बंदूकधारी पहारा, हा बंदोबस्त त्या काळी सर्वत्र सारखाच असे. एके दिवशी सकाळी पहारा बदलण्याची वेळ आली, नवी तुकडी पोशाख करून दारात हजर झाली, परंतु ज्या लेखी हुकुमान्वये तिने पहारा ताब्यात घ्यावयाचा तो हुकूम मुख्यालयातून निघालाच नव्हता. जुन्या तुकडीचा हवालदार कर्तव्यकठोर होता. हुकुमात ज्याचे नाव नाही तो माणूस, त्याच्या अंगावर गणवेश असो वा खांद्यावर बंदूक असो, आपल्या लेखी रस्त्यावरचा वाटसरू होय, अशी त्याची धारणा. त्याने पहारा सोडण्यास साफ नकार दिला आणि पहाऱ्याचीच वहिवाट वादग्रस्त असताना तिजोरी उघडणे इष्ट नव्हे, असे अधिकाऱ्यांनी ठरवले. दोन्ही किल्ल्या जागेवर होत्या, कुलपे शाबूत होती, आतील रक्कम पै न पै होती, बाहेर निवृत्तिवेतनासाठी म्हाताऱ्यांची रांग लागली होती, आणि तरीही दुपारी एक वाजेपर्यंत कोषागार उघडले नाही. ही हकीकत सांगताना वडील दर वेळी एकच वाक्य शेवटी म्हणत: "बिघडलं काहीच नव्हतं रे, फक्त पहारेकऱ्याचाच परवाना आला नव्हता."

पुढे माझे आयुष्य ज्या यंत्रांच्या सहवासात गेले, त्यांच्याशी या हकीकतीचा किती निकटचा संबंध आहे, हे कळावयास मला बरीच वर्षे लागली. त्या यंत्रांना मेनफ्रेम म्हणतात. वृत्तपत्रांतून कधीकधी 'महासंगणक' हा शब्द त्यांच्यासाठी वापरलेला दिसतो; तो बरोबर नाही. महासंगणक हवामानाची वा अणुगर्भाची प्रचंड आकडेमोड करतो; मेनफ्रेमचे काम त्याहून निराळे, किंबहुना अधिक प्रापंचिक आहे. लक्षावधी खातेदारांची लहानलहान जमाखर्चाची टिपणे, एकही न चुकता, एकही दोनदा न मांडता, वर्षानुवर्षे लिहीत राहणे हा त्याचा स्वधर्म. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम ३६०' या यंत्रमालिकेची घोषणा केली आणि तिच्या वंशातली यंत्रे आजही मोठमोठ्या बँकांचे, विमा कंपन्यांचे आणि विमानसेवांचे हिशेब सांभाळीत आहेत. त्याच १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात दाखल होऊन अवघी चार वर्षे झाली होती आणि संगणक हा शब्दही येथे कोणाच्या कानावर पडला नसावा. १९७८ साली आयबीएमने भारतातून आपला गाशा गुंडाळला आणि तिची येथली यंत्रे सांभाळण्याची कामगिरी सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. त्यानंतर इसवी सन २००० चे सालदर्शक आकडे जुन्या प्रोग्रामांतून दुरुस्त करण्याची जी जागतिक धांदल उडाली, तिच्यात कोबोल ही संगणकभाषा शिकलेली मराठी मुले शेकड्यांनी परदेशी गेली. मी त्यांच्यातलाच एक. तुमसरच्या धानबाजाराची गजबज ऐकत वाढलेला आणि पुढे परक्या देशातल्या विम्याच्या हप्त्यांची काळजी वाहणारा.

या यंत्रांत मूळची सुरक्षा अशी फार नव्हती. यंत्र एका कुलूपबंद खोलीत असे आणि खोलीचे कुलूप हीच सुरक्षा. परंतु दूरदूरच्या कचेऱ्यांतून तारांच्या योगे माणसे यंत्राशी बोलू लागली, तेव्हा कोणी काय पाहावे आणि काय बदलावे, याचा निर्बंध यंत्राच्या आतच घालणे प्राप्त झाले. १९७६ साली आयबीएमने रॅकफ नावाची प्रणाली आणली. मोठ्या गिऱ्हाइकांच्या शेअर या संघटनेत बॅरी श्रेगर नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने सुरक्षिततेची जी चर्चा सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून चालली होती, तिच्यात एक आग्रह असा होता की, ज्या दस्तऐवजाविषयी काहीच आदेश नाही तो सर्वांना खुला न समजता सर्वांना बंद समजावा. रॅकफच्या पहिल्या अवतारात हा आग्रह पुरेसा मानला गेला नाही, म्हणून श्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एसीएफ२ ही स्वतःची प्रणाली काढली. टॉप सीक्रेट या नावाची तिसरी प्रणालीही याच पिढीतली. जगातल्या बहुतेक मेनफ्रेमांच्या दारावर आजही या तिघांपैकी कोणी तरी एक उभा असतो.

तिसाव्या वर्षी माणसाला जसे घराबाहेरचे जग खुणावू लागते, तसे मेनफ्रेमचेही झाले. कचेरीतल्या इतर लहान यंत्रांनाही वाटू लागले की, हा मनुष्य खरा की खोटा, त्याचा सांकेतिक शब्द बरोबर की चूक, हे आपण निराळे का तपासावे? मोठ्या दप्तरात ती नोंद आहेच; तिथेच विचारावे. अशा विचारणेची सर्वमान्य भाषा १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झाली. तिला एलडॅप म्हणतात. ज्या दप्तराला ही विचारणा करावयाची त्याला डिरेक्टरी, म्हणजे नामसूची. तिची रचना आपल्या वाचकांना परकी वाटू नये. आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. त्या पटवाऱ्याच्या दप्तरात गाव तालुक्यात आणि तालुका जिल्ह्यात जसा सामावतो, तशीच ही सूची फांद्याफांद्यांनी वाढते, आणि एखाद्या माणसाचे पूर्ण नाव लिहावयाचे झाल्यास आपण पाकिटावर जसे अमुक, मुक्काम अमुक, तालुका साकोली, जिल्हा भंडारा असे लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जातो, तोच क्रम तिथेही असतो.

तेव्हा मेनफ्रेमवर ही विचारणा झेलणारा प्रोग्राम, म्हणजे नामसूचीचा सेवक, हा एक खिडकीवरचा कारकून समजा. बाहेरची हजारो माणसे आणि शेकडो यंत्रे खिडकीशी येतात, तो आत जाऊन रॅकफसारख्या शिरस्तेदाराच्या नोंदवहीत पाहतो आणि होय किंवा नाही एवढेच उत्तर देतो. हा कारकून सकाळी कामावर रुजू झाला नाही, तर आतला सगळा कारभार धडधाकट असूनही बाहेरून पाहणाऱ्याला सारी कचेरीच बंद पडल्यासारखी दिसते. 'मेनफ्रेम पडला' अशी ओरड होते ती बहुधा अशा वेळी. मेनफ्रेम पडलेला नसतो. खिडकी उघडलेली नसते.

२०२० सालच्या जुलै महिन्यातला एक रविवार. साथीमुळे कंपनीने सर्वांना घरून काम करण्याची मुभा दिली होती आणि मी पुण्याचे बिऱ्हाड बंद करून साकोलीच्या बाजूला असलेल्या आमच्या गावी येऊन राहिलो होतो. रोवणीचे दिवस होते. पहाटेच बांधीत चिखलणी होऊन पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधावर पडल्या होत्या, रोवणीवाल्या बाया गुडघाभर पाण्यात ओळीने वाकल्या होत्या, आणि मी मात्र ओसरीवर, जिथे भ्रमणध्वनीचा संपर्क जरा बरा मिळे त्या खांबाशी टेबल लावून, अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या यंत्राकडे डोळे लावून बसलो होतो. मेनफ्रेम महिनोन्‌महिने अखंड चालतो. पण ठरावीक मुदतीने त्याला शिस्तीत निजवून पुन्हा उठवावे लागते, आणि हा विधी तिकडच्या रविवारच्या पहाटे दोनला, म्हणजे आमच्या घड्याळात साडेअकराला, उरकतात. कारण त्या वेळी तिकडे कोणी जागे नसते. यंत्र उठले. दळणवळण उठले. नामसूचीचा सेवक उठला आणि काही क्षणांतच खाली बसला. चालकाने पुन्हा उठवला, पुन्हा बसला. तिसऱ्या खेपेसही तेच.

अशा वेळी जी मंडळी दूरध्वनीवर एकत्र जमतात त्यांची एक ठरलेली खोड असते, ती म्हणजे नोंदींच्या अगदी शेवटच्या ओळीकडे टक लावून पाहणे. शेवटच्या ओळीत सेवक समाप्त झाला असे लिहिलेले असते आणि त्यापुढे एक आकडा असतो. त्या आकड्याचा अर्थ ग्रंथांतून शोधण्यात अर्धा तास जातो आणि अर्थ असा निघतो की, सेवक समाप्त झाला. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहिण्याचाच हा प्रकार; ती तर सर्वांचीच पडते. यंत्राचा रोजनामा कादंबरीसारखा शेवटचे पान आधी उघडून वाचण्याच्या योग्यतेचा नसतो, तो खटल्याच्या कागदपत्रांसारखा पहिल्या तारखेपासून वाचावा लागतो. कारण पहिली तक्रार हे मूळ असते आणि तिच्या मागून येणाऱ्या पंचवीस तक्रारी हे तिचे गोत्र असते.

या रोजनाम्याची भाषा एकदा अंगवळणी पडली की तिच्यात एक प्रकारची कचेरीतली गोडी आढळते. रॅकफ कोणाला अडवतो तेव्हा तो आयसीएच४०८आय या क्रमांकाचा मजकूर लिहितो, आणि तो मजकूर म्हणजे एक लहानसा पंचनामाच असतो. पहिल्या ओळीत इसमाचे नाव, त्याचा गट. दुसरीत ज्या वस्तूला त्याने हात घातला तिचे नाव आणि वर्ग. मग 'अधिकार अपुरा'. आणि सर्वांत शेवटी दोन शब्द, ज्यांच्यासाठी मी या मजकुराचा ऋणी आहे: किती अधिकार मागितला, आणि किती आहे. मागितले वाचन, आहे शून्य. इतका नेमका नकार देणारा अंमलदार मी माणसांत पाहिलेला नाही. गंमत अशी की, आयबीएमच्या संकेतानुसार मजकूर-क्रमांकाच्या अखेरचे अक्षर त्याचे गांभीर्य दर्शवते आणि 'आय' या अक्षराचा अर्थ 'केवळ माहितीस्तव' असा होतो. दारातून हाकलून दिल्याचे पत्रही सरकार आपल्याला माहितीस्तव सादर करते, तसेच हे.

त्या रविवारी मात्र वर वर जात राहिलो तरी आयसीएच४०८आय कुठेच दिसेना. त्याऐवजी अगदी आरंभाशी, सेवकाने डोळे उघडल्याच्या दुसऱ्याच सेकंदाला, बीपीएक्सपी०१५आय हा मजकूर होता, आणि त्याला लागूनच बीपीएक्सपी०१४आय. पहिल्यात एका फाइलीचे नाव देऊन म्हटले होते की, हा प्रोग्राम नियंत्रित म्हणून चिन्हांकित नाही. दुसऱ्यात म्हटले होते की, या कामासाठी परिसर नियंत्रित असणे आवश्यक आहे. ज्यांनी हे मजकूर पूर्वी पाहिलेले नाहीत त्यांना त्यांचा अर्थ लावणे कठीण जाते. मला तो आमच्या आजीच्या स्वयंपाकघरामुळे सोपा वाटतो.

आजीचे सोवळे कडक होते. धूतवस्त्र नेसून ती चुलीपाशी बसली की, सोवळ्यातल्या माणसाने सोवळ्यातल्या वस्तूला शिवावे, यात काही अडचण नसे. परंतु नळावरून आलेल्या एखाद्या पोराने तांब्याला नुसते बोट लावले तरी त्या तांब्यापुरते भागत नसे, सगळाच स्वयंपाक ओवळा होई आणि आजीला पुन्हा स्नान करून आरंभापासून सुरुवात करावी लागे. मेनफ्रेमवर जो सेवक दुसऱ्यांचा सांकेतिक शब्द पारखतो आणि प्रसंगी त्यांच्या नावाने, त्यांचा मुखत्यार होऊन, काम करतो, तोही नेमके हेच सोवळे पाळतो. त्याने स्मृतीत आणलेला प्रत्येक प्रोग्राम अगोदर विश्वसनीय म्हणून शिक्कामोर्तब झालेला असला पाहिजे. शिक्का नसलेला एकही प्रोग्राम आत शिरला की त्याची सारी जागा विटाळते, इंग्रजीतही तिला मळलेली जागाच म्हणतात, आणि त्या क्षणापासून मुखत्यारीचे काम करण्याची त्याला मनाई होते. हे सोवळे कर्मठपणाचे नव्हे. सांकेतिक शब्द ज्याच्या हातातून जातात त्याच्या शेजारी अनोळखी इसमाला बसू दिले, तर तो अनोळखी इसम ते शब्द टिपून घेणार नाही याची हमी कोण देणार? आजीच्या सोवळ्याला असे कारण होते की नाही, हा वाद मी घरात कधी काढला नाही.

आता हा शिक्का त्या फाइलीवरून गेला कुठे? चौकशीअंती उलगडा झाला तो असा. शुक्रवारी कोणी तरी त्या फाइलीची सुधारलेली आवृत्ती जुनीच्या जागी नकलून ठेवली होती. मजकूर बरोबर होता, नाव बरोबर होते, मालक बरोबर होता. परंतु या प्रणालीचा दंडक असा की, फाइलीत फेरफार झाला की तिच्यावरचा विश्वासाचा शिक्का आपोआप पुसला जातो. आणि ते योग्यच आहे, कारण शिक्का जुन्या मजकुरावर होता, नव्यावर नव्हे. नक्कल करणाऱ्याला हे ठाऊक नव्हते किंवा शुक्रवारची संध्याकाळ असल्यामुळे आठवले नाही. शुक्रवारी काहीच बिघडले नाही, शनिवारीही नाही. कारण चालू असलेला सेवक जुनी प्रत स्मृतीत घेऊन बसला होता, त्याने नवी फाइल उघडून पाहिलीच नव्हती. रविवारी तो निजून उठला आणि त्याचे कागद नव्याने तपासले गेले.

सुरुवातीलाच अडणाऱ्या बिघाडांचे हे मर्म मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या दिवशी सेवक उठत नाही तो दिवस निरपराध असतो. गुन्हा मागच्या आठवड्यात, कधी मागच्या वर्षी घडून गेलेला असतो. म्हणून 'आज काय बदलले?' हा प्रश्न सर्वजण विचारतात आणि 'काही नाही' हे खरे उत्तर मिळून सर्वजण बुचकळ्यात पडतात. विचारावयाचे ते असे की, हा शेवटी सुखरूप उठला होता केव्हा, आणि तेव्हापासून काय काय बदलले? मी चौकशीची पहिली ओळ म्हणून हीच तारीख कागदावर लिहितो.

याचा एक मोठा दाखला मेनफ्रेमच्या झेड-ओएस या कार्यप्रणालीच्या इतिहासातच आहे. पूर्वी असा एक उदार नियम होता की, ज्या सेवकाला तिच्यातल्या युनिक्स विभागातला स्वतःचा क्रमांक दिलेला नाही त्याला सर्वांसाठी असलेला एक सामायिक क्रमांक मिळे, जसा घर नसलेल्यांना धर्मशाळेचा पत्ता. २०१३ साली आलेल्या आवृत्तीने ही धर्मशाळा बंद केली. वर्षानुवर्षे तिथल्या पत्त्यावर राहिलेल्या सेवकांना, नव्या आवृत्तीवर उठताच, आपण बेघर आहोत हे कळले. त्यांचा स्वतःचा असा एका अक्षराचाही अपराध नव्हता.

बाकीची कारणे मी भराभर सांगतो, कारण त्यांत नवल थोडे आहे. सेवकाला लागणारा प्रोग्राम ठरलेल्या ग्रंथालयांत सापडलाच नाही, तर एस८०६ या खुणेने काम आपटते. हा दोष बहुधा पत्त्यातल्या टंकलेखनाचा. सापडला, पण उघडण्याचा अधिकार नाही, तर एस९१३. खिडकीचा क्रमांक, जो साध्या बोलण्यासाठी ३८९ आणि गुप्त बोलण्यासाठी ६३६ असतो, आधीच कोणी अडवलेला आढळतो. जवळ जाऊन पाहिले तर त्या खुर्चीवर आपलाच कालचा कारकून बसलेला असतो, ज्याला जा म्हणून सांगितले होते पण जो अजून चपला शोधतो आहे. गुप्त बोलण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे एका जुडग्यात असतात, त्यालाही किल्ल्यांचे जुडगेच म्हणतात, आणि ते जुडगे एका नावावर, सेवक भलत्याच नावाने उठलेला, असेही होते. सेवक कोणत्या नावाने उठावा याची एक नोंद रॅकफमध्ये करावी लागते. ती नसेल तर तो एका सामान्य नावाने उठतो, आणि सामान्य माणसाला अर्थातच कोणी काही देत नाही.

अक्षरांचा घोटाळा मात्र थोडा थांबून सांगण्यासारखा आहे. सगळ्या जगाचे संगणक रोमन 'ए' हे अक्षर ६५ या आकड्याने ओळखतात. मेनफ्रेम त्यालाच १९३ म्हणतो, कारण त्याची एबसिडिक नावाची स्वतःची जुनी लिपी आहे. नवशिका मुलगा आपल्या लॅपटॉपवर सेवकाची नियमावली नीट लिहितो आणि लिप्यंतर न करता वर चढवतो. मोडीखेरीज काही न वाचणाऱ्या फडणिसापुढे बाळबोध खलिता ठेवावा, तशी त्या सेवकाची अवस्था होते. आणि तो फडणिसाइतका प्रामाणिक नसल्यामुळे 'मला वाचता येत नाही' असे न म्हणता 'पहिल्या ओळीत चूक आहे' असे म्हणतो. मुलगा पहिली ओळ पुनःपुन्हा पाहतो. ओळ निर्दोष असते.

आणि क्रमाचा दोष. आमच्या जिल्ह्यात कोहळी मंडळींनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी गेली, पण 'माजी मालगुजारी' या कागदी नावाचा संक्षेप होऊन लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. पुष्कळ ठिकाणी वरच्या तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात आणि त्याचे पुढे बोडीत, अशी उतरंड असते. वरचा भरल्याशिवाय खालच्याकडे पाहून उपयोग नसतो. मेनफ्रेमवरही दळणवळणाची प्रणाली उभी राहण्यापूर्वीच नामसूचीच्या सेवकाला हाक घातली, तर तो दार उघडायला जातो आणि दाराची चौकटच अजून बसवलेली नसते. पाच मिनिटांनी तोच सेवक विनातक्रार उठतो आणि तज्ज्ञ मंडळी 'आपोआप दुरुस्त झाले' असा शेरा मारून मोकळी होतात. माझ्या मते या क्षेत्रात इतका घातक शेरा दुसरा नाही. पुढच्या वेळी तोच दोष पुन्हा येतो.

खुद्द रॅकफच उठला नाही तर काय, असे कोणी विचारील. त्याचीही तजवीज जुन्या लोकांनी केलेली आहे. नोंदवही हाती लागत नाही असे दिसताच तो दार सताड उघडे टाकत नाही आणि कायमचे बंदही करत नाही; आलेल्या प्रत्येक मागणीगणिक चालकाच्या पडद्यावर विचारतो की, अमुक इसम अमुक दस्तऐवज मागतो आहे, देऊ का? प्रत्येक खेपेस माणसाने हो किंवा नाही म्हणावे लागते. ही व्यवस्था अर्धा तासही चालवणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना ज्याने तहसील कचेरीत दाखल्यांच्या हंगामात शिपायाची झालेली दशा पाहिली आहे त्याला सहज येईल.

असो. आमच्या रविवारकडे वळू. कारण सापडले तेव्हा दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. उपाय एका ओळीचा होता: एक्सटॅटर हा शब्द, त्यापुढे अधिकचे चिन्ह आणि पी, मग फाइलीचे नाव. लिहावयास दहा सेकंद. परंतु कोणत्याही फाइलीवर विश्वासाचा शिक्का उठवण्याचा अधिकार रॅकफमध्ये स्वतंत्रपणे द्यावा लागतो, आणि तो माझ्यापाशी नव्हता. यंत्र चालवणारा निराळा आणि शिक्का मारणारा निराळा, हा दुहेरी कुलपाचाच न्याय. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई तिकडे पहाटेच्या गाढ झोपेत होत्या. त्यांना उठवण्यासाठी तातडीची दरख्वास्त, दरख्वास्तीला क्रमांक, क्रमांकाला वरिष्ठाची संमती, आणि वरिष्ठही झोपेत. मी ओळ लिहून ठेवली, एकदा तपासली, दुसऱ्यांदा तपासली आणि बांधावरून येणाऱ्या बायांच्या गाण्याकडे कान देऊन बसून राहिलो.

वडील जेवून ओसरीवर आले. त्यांना माझा धंदा कळत नसे, पण चेहरा कळे.

"काहून रे, असा काहून बसला? बिघाड सापडला नाही का?"

"सापडला, बाबा."

"मंग दुरुस्त काहून नाही करत?"

"शिक्का मारायचा हक्क माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना उठवताहेत."

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग त्या कोषागाराच्या हवालदाराची आठवण झाली असावी, कारण ते मनापासून हसले आणि पानाचा डबा घेऊन पलीकडच्या खाटेवर जाऊन बसले.

एक वाजून चाळीस मिनिटांनी बाई आल्या. त्यांनी माझी ओळ मागितली नाही. स्वतः रोजनामा वरपासून वाचला, फाइल नव्या मजकुरासह तपासली, ती कोणी ठेवली हे विचारून खात्री करून घेतली आणि मगच शिक्का उठवला. मला त्यांचा तो संथपणा आवडला. चालकाने सेवकाला पुन्हा हाक घातली. नोंदी एकामागून एक सरकू लागल्या, आणि जीएलडी१००४आय या क्रमांकाखाली, त्याच 'केवळ माहितीस्तव' अक्षरानिशी, एवढेच उमटले की सेवक विनंत्या स्वीकारण्यास सिद्ध आहे. दूरध्वनीवर कोणी तरी जांभई दिली. मी लॅपटॉप मिटला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि बांधीकडे निघालो. खालच्या बांधीतली पेंढ्यांची शेवटची रास संपत आली होती आणि बाया जेवायला सुटण्याआधी पऱ्हे पोचवणारे हात कमी पडत होते.